आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आपल्या भाषेतील काही म्हणी अशा आहेत की, त्या ऐकताच नाशिककरास किंचित हसू यावे. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही त्यांतलीच एक. रामेश्वर बिचारा दूर दक्षिणेस, सेतूपाशी राहिला. पण सोमेश्वर म्हणजे आमच्या घरचा देव! गंगापूर रस्त्याने थोडे पुढे गेले की गोदावरीच्या काठी त्याचे देऊळ लागते, आणि सुटीच्या दिवशी निम्मे शहर तेथे वारा खावयास जाते. म्हण रचणाऱ्याच्या मनात आमचाच सोमेश्वर होता की दुसरा कोठला, हा वाद भाषापंडितांवर सोपवू. म्हणीचा अर्थ मात्र कोणालाही समजावा असा आहे. मदत नसते असे नव्हे. मदत असते, ती निघतेही, चांगली घंटा वाजवीत निघते. फक्त जेथे आग लागलेली असते तेथे ती पोचत नाही.

शरीराच्या दुखण्यापुरती ही म्हण आता पुष्कळशी खोटी ठरत चालली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. दिंडोरीच्या द्राक्षबागेत कोणाच्या छातीत कळ आली, चांदवडच्या घाटात मोटार उलटली, किंवा पेठच्या पाड्यावर बाळंतीण अडली, तर काय करावयाचे हे आज शाळकरी पोरही सांगेल. 'एकशे आठला फोन लावा!' पण मनाला आग लागली तर? त्या वेळी कोणता क्रमांक फिरवावयाचा, आणि फिरवल्यावर दाराशी कोण येणार? या साध्या प्रश्नाचे उत्तर चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ठाऊक नसते. या दिवाळीत वाचकांशी बोलावयाचे आहे ते याविषयी.

रात्री दीड वाजता

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे दीड वाजले आहेत. सिडकोतील दोन खोल्यांचे घर. चोवीस वर्षांचा मुलगा चार रात्री झोपलेला नाही. भिंतीपलीकडचे लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, असे तो म्हणतो. मधेच रडतो, मधेच ओरडतो. स्वयंपाकघराची कडी आतून लावून बसला आहे. बाहेर आई दारावर हात ठेवून उभी आहे, बाप खुर्चीवर बसून राहिला आहे, आणि धाकटी बहीण फोन हातात घेऊन विचारते आहे, "कोणाला लावू?"

एवढ्यात शेजारी जमतात. एकजण म्हणतो, पोलिसांना बोलवा. दुसरा म्हणतो, छे छे, पोलीस आले की मुलाच्या नावाला बट्टा लागेल, रुग्णवाहिका मागवा. तिसरा हळूच सुचवितो की, हे बाहेरचे दिसते, माझ्या ओळखीचा एक जाणता आहे. चौथा म्हणतो, दोन दणके द्या, ताळ्यावर येईल. आपल्याकडे अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकले जाते. आणि मोठा आवाज व मोठी समज यांची गाठ नेहमीच पडते असे नाही.

हा प्रसंग दुर्मिळ नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याची जी पाहणी केली, तीत दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार त्या वेळी असल्याचे आढळले. आणि आजाराच्या प्रकाराप्रमाणे त्यांतील ७० ते ९२ टक्के लोक उपचारावाचून राहिलेले दिसले. आत्महत्येचे आकडे याहून अंगावर येणारे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदविल्या. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या. म्हणजे सर्व राज्यांत अधिक! संतांच्या आणि समाजसुधारकांच्या या भूमीला हा पहिला क्रमांक खचितच शोभणारा नाही.

तीन क्रमांक, तीन वाटा

आता मौज अशी की, मदतीचे क्रमांक आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. तीन तर मुख्य आहेत.

पहिला ११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सर्वांसाठी देशभर एकच क्रमांक असावा, या कल्पनेतून तो आला. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशापासून त्याचा आरंभ झाला व पुढे तो महाराष्ट्रात आला. आपला फोन नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो, तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षास कळविला जातो, आणि जवळची गस्तीची गाडी निघते. गाडीतल्या पडद्यावर ठिकाण दिसते. व्यवस्था उत्तम, पण येतो तो पोलीस, आणि त्याचे शिक्षण झालेले असते ते गुन्हा थांबविण्याचे.

दुसरा १०८. हैदराबादेस २००५ च्या ऑगस्टात या क्रमांकाची सेवा प्रथम सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ च्या प्रजासत्ताकदिनापासून आली. आरंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतील २३३ अतिगंभीर रुग्णांसाठी सर्व साधनांनिशी सज्ज, व ७०४ प्राथमिक साधनांच्या. गाडीबरोबर डॉक्टर असतो, हे आपल्या राज्यातील सेवेचे वैशिष्ट्य. तिने किती प्राण वाचविले असतील त्याची गणती नाही. पण गाडीची घडण आहे ती रक्तस्राव, श्वास, हृदय आणि बाळंतपण यांसाठी. जो स्ट्रेचरवर निजावयास तयार नाही, ज्याला जखम नाही, आणि जो 'मला काही झालेले नाही' म्हणतो, त्याचे काय करावयाचे, हा त्या डॉक्टरापुढचा पेच असतो.

तिसरा १४४१६, म्हणजे 'टेली-मानस'. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, तो सुरू झाला. फोन विनामूल्य, रात्रंदिवस, आणि मराठीसह वीस भाषांत. देशभर त्याची ५३ केंद्रे उभी राहिली. पहिल्या दोन वर्षांत चौदा लाखांहून अधिक फोन आले. पलीकडे शिकलेला समुपदेशक असतो. गरज पडल्यास तो मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून देतो. सेवा खरोखर मोलाची आहे. परंतु फोनमधून आवाज येतो, माणूस येत नाही. स्वयंपाकघराची कडी लावून बसलेला मुलगा जर फोनच हातात घेईना, तर पलीकडच्या समुपदेशकाने काय करावे?

तात्पर्य असे की, ११२ जवळ चाके आहेत आणि अधिकार आहे. १०८ जवळ चाके आहेत आणि औषध आहे. १४४१६ जवळ समजूत आहे, पण चाके नाहीत. हे तिघे एकाच घरातले भाऊ. पण सणावारीसुद्धा एका पंगतीस न बसणारे! त्यांना एका पाटावर बसविणे, म्हणजे ज्या क्षणी जे लागेल ते त्या दारापर्यंत जाईल असे करणे, हाच खरा प्रश्न आहे.

एक वाट आगीची, एक आवाजाची

या दोन वाटा निराळ्या कशा झाल्या याचा इतिहासही मनोरंजक आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. शेजाऱ्याने बंबासाठी फोन केला; पण टेलिफोन केंद्रात तो इतर फोनांच्या रांगेतच राहिला. त्या आगीत पाच स्त्रिया दगावल्या. शेजारी चिडला, वर्तमानपत्रात पत्र लिहिले, चौकशी बसली, आणि १९३७ साली ९९९ हा संकटाचा स्वतंत्र क्रमांक लंडनला मिळाला. जगातील अशा सर्व क्रमांकांचा हा आजोबा.

पुढे १९५३ साली त्याच लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या एका धर्मोपदेशकाने निराळाच फोन सुरू केला. आगीत सापडलेल्यासाठी जसा क्रमांक आहे, तसा जिवाला कंटाळलेल्यासाठी का नसावा, असा त्याचा प्रश्न होता. 'समॅरिटन्स' ही संस्था त्यातून उभी राहिली. तिने फोनवर उपदेश केला नाही, फक्त ऐकले. दुःखी माणसाला पुष्कळदा तेवढेच हवे असते.

एक फोन गाडी पाठविणारा, दुसरा कान देणारा. दोन्ही थोर. पण जन्मापासून दोघांचे बिऱ्हाड वेगळे राहिले ते राहिलेच, आणि आपणही ती वेगळी बिऱ्हाडे जशीच्या तशी उचलली.

कायदा पुढे, आपण मागे

कोणी म्हणेल, आपल्याकडे कायदाच जुनाट असेल. एके काळी तसे होते खरे. १९१२ च्या कायद्याचे नावच 'ल्युनसी अॅक्ट' होते. पोलिसाने धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, आणि मॅजिस्ट्रेटने आश्रयस्थानात धाडावे, अशी ती रीत. रुग्ण व आरोपी यांत भेद असा राहिलाच नव्हता. १९८७ चा कायदा आला तरी मॅजिस्ट्रेटची वाट सुटली नाही.

परंतु २०१७ साली संमत झालेला आणि २०१८ च्या २९ मेपासून अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचला की आपण चकित होतो. त्याच्या कलम २१ मध्ये सांगितले आहे की, शरीराच्या आजारी माणसास रुग्णवाहिका जशी, जितकी आणि ज्या दर्जाची मिळते, तशीच मानसिक आजाराच्या माणसासही मिळाली पाहिजे. ही कृपा नव्हे, हक्क आहे.

कलम ९४ म्हणते, जिवाला धोका असेल किंवा तो माणूस स्वतःला अगर दुसऱ्याला गंभीर इजा करण्याच्या बेतात असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत नेणे हेही त्या उपचारांतच धरले आहे. मर्यादा साधारणपणे ७२ तासांची. रुग्णाने आधी नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी, असेही कायदा बजावतो.

कलम १०० पोलिसांविषयी आहे. रस्त्यात भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, अथवा आजारामुळे स्वतःला वा दुसऱ्याला धोका असणारा माणूस दिसला, तर ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला आपल्या संरक्षणाखाली घ्यावयाचे आहे. का घेतले ते त्याला सांगावयाचे आहे. शक्य तितक्या लवकर, आणि फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावयाचे आहे. आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवावयाचे नाही. शब्द पाहा: 'अटक' नव्हे, 'संरक्षण'. कलम ९५ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास सर्वस्वी बंदी केली. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्टात आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण पळता न आल्यामुळे जळून गेले. त्या कलमामागे ती राख आहे.

आणि कलम ११५! आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याच्यावर खटला भरू नये, उलट शासनाने त्याची काळजी घ्यावी, असे ते सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीत दंडविधानाचे जुने ३०९ कलमही सरसकट ठेवले नाही. म्हणजे कायद्याने हात पुढे केला आहे. तो हात रात्री दीड वाजता सिडकोतील घरापर्यंत कसा पोचावयाचा, एवढेच राहिले आहे. आणि तेच अवघड आहे.

हवालदारांची टोपी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका विद्यार्थ्याची अशीच स्थिती झाली. कळवण तालुक्यातला मुलगा, चार मित्रांसह खोली घेऊन राहणारा. रात्री मित्रांनी घाबरून पोलिसांना फोन केला आणि मग मला. मी पोचलो तेव्हा पन्नाशीचे एक हवालदार आधीच आले होते. मुलगा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता, आणि खाकी कपडे पाहून अधिकच थरथरत होता. हवालदारांनी काय करावे? त्यांनी टोपी काढली, काठी दाराबाहेर ठेवली, आणि चार हात अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "जेवलास का रे बाळा?"

मुलगा काही बोलला नाही. हवालदार दहा मिनिटे तसेच बसले. मग म्हणाले, "मीबी नाही जेवलो." कोणीतरी चहा आणला. अर्ध्या तासाने मुलाने कप हातात घेतला.

ही विद्या त्यांना कोणी शिकविली होती? त्यांनीच नंतर सांगितले की, त्यांच्या धाकट्या भावाला हाच आजार होता. म्हणजे त्या रात्री मुलाचे दैव चांगले, म्हणून असे हवालदार आले. दुसरे आले असते तर?

आणि पुढची अडचण तर हवालदारांनाही सुटली नाही. 'आता याला न्यावयाचे कोठे?' एका दवाखान्याने रात्री मानसोपचाराचा डॉक्टर नसतो म्हणून सांगितले. दुसऱ्याने, बरोबर नातेवाईक नाही म्हणून. बाप कळवणहून पहिल्या एस.टी.ने येईपर्यंत आम्ही सारे जागत बसलो. सकाळी योग्य डॉक्टर भेटले, मुलगा उपचाराने सुधारला, पुढे पदवीधरही झाला. परंतु ते सात तास दैवावर काढलेले होते, व्यवस्थेवर नव्हे.

इतरांनी काय केले

अमेरिकेतील मेंफिस शहरी १९८७ साली मानसिक आजाराने पछाडलेला एक तरुण सुरी घेऊन स्वतःलाच इजा करू पाहत होता. मदतीसाठी फोन गेला, पोलीस आले, आणि त्यांच्या गोळ्यांनी तो तरुणच मेला. शहर हादरले. पुढल्या वर्षी पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी एकत्र बसून योजना आखली: निवडक पोलिसांना चाळीस तासांचे खास शिक्षण द्यावयाचे, अशा फोनवर त्यांनाच पाठवावयाचे, आणि रुग्णास ताबडतोब ताब्यात घेईल असे एक रुग्णालय ठरवून ठेवावयाचे. आमच्या हवालदारांजवळ जे उपजत होते, ते तेथे शिकवू लागले.

युजीन या गावाने १९८९ साली त्याच्याही पुढे पाऊल टाकले. तेथे पोलिसाऐवजी एक वैद्यकीय मदतनीस व एक समुपदेशक अशी जोडी साध्या व्हॅनमधून जाऊ लागली. फोन मात्र शहराच्या नेहमीच्याच केंद्रातून त्यांच्याकडे वळविला जाई. तीस-पस्तीस वर्षे ही सेवा नावाजली गेली. आणि २०२५ च्या एप्रिलात पैशाअभावी ती युजीनमध्ये बंद पडली! चांगले काम कौतुकावर चालत नाही, अंदाजपत्रकावर चालते, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

स्वीडनमधील स्टॉकहोमने २०१५ साली मानसिक संकटासाठी स्वतंत्र रुग्णवाहिका काढली. बाहेरून ती इतर रुग्णवाहिकांसारखीच. आत मात्र स्ट्रेचर नाही, समोरासमोर बसून बोलता येईल अशी आसने आहेत. बरोबर मानसोपचारात तयार झालेल्या परिचारिका असतात. ज्याचे मन मोडले आहे त्याला निजवावयाचे नसते, बसवून घ्यावयाचे असते, हे त्या गाडीच्या सुतारालाही कळले म्हणावयाचे.

परदेशच कशाला? आपल्या महाराष्ट्रातही अशी चाके फिरली आहेत. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था काढली. रस्त्यावर भटकणाऱ्या, केस वाढलेल्या, नाव-गाव हरवलेल्या माणसांना गाडीतून आणावयाचे, कर्जतच्या केंद्रात न्हाऊ-जेवू घालून औषध द्यावयाचे, आणि शुद्धीवर येऊन त्याने गाव सांगितले की देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात त्याच्या घरी पोचते करावयाचे, हे त्यांचे काम. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'असली माणसे सुधारत नाहीत' असे म्हणणाऱ्यांस त्यांनी हजारो माणसे घरी पोचवून उत्तर दिले आहे.

नाशिकला काय करता येईल?

आमचा जिल्हा पंधरा तालुक्यांचा; २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ६१ लाख वस्तीचा. राज्यातील जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे. म्हणजे सर्वांत जवळचे ठाणे, तेही कसारा घाट उतरून पलीकडे. आणि सुरगाण्याच्या माणसाला तर आधी नाशिक गाठण्यातच अर्धा दिवस जातो. शेतकऱ्यांना मानसिक आधार देण्यासाठी राज्य शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तो विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी. कांदा आणि द्राक्षे यांच्या भावाने रडणारा नाशिक जिल्हा त्यांत नव्हता. त्या प्रकल्पाने गावातील आशा कार्यकर्तीला कुटुंबातील ताण ओळखावयास शिकविले. हे येथेही करण्याजोगे आहे, कारण आग लागण्यापूर्वीचा धूर तिलाच आधी दिसतो.

तेव्हा फार मोठे नको, थोडे मागू या. पहिली गोष्ट, फोन घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न तिन्ही क्रमांकांवर सारखे असावेत. माणूस एकटा आहे की जवळ कोणी आहे? हाताशी शस्त्र आहे काय? काही घेतले आहे काय? ताप, डोक्याला मार, मधुमेह, दारू एकाएकी सोडणे, यांपैकी काही आहे काय? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. साखर उतरलेला मधुमेही, तापात बरळणारा रोगी आणि 'वेडसर' माणूस हे पाहणाऱ्याला एकसारखेच दिसतात. आणि त्यांतल्या पहिल्या दोघांना उशीर झाला तर प्राणावर बेतते.

दुसरी गोष्ट, फोन 'त्या क्रमांकावर लावा' म्हणून तोडू नये. एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याला जोडून द्यावा, आणि पलीकडचा बोलू लागेपर्यंत आपण बाजूला होऊ नये. पोरक्या मुलाला एका हातातून दुसऱ्या हातात देताना आपण जसे मध्येच सोडत नाही, तसे.

तिसरी गोष्ट, शहरासाठी निदान एक गाडी. तीत मानसोपचारात तयार झालेली परिचारिका आणि एक समाजसेवक असावा. साध्या कपड्यांत, भोंगा बंद ठेवून. शस्त्र असेल तरच पोलीस, आणि तेही मागे. गाडी पोचेपर्यंत १४४१६ चा समुपदेशक घरच्यांशी फोनवर बोलत राहील. चौथी गोष्ट, रात्रीसुद्धा रुग्ण घेतलाच जाईल असे एक ठिकाण ठरलेले असावे. आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, कोणीतरी त्या घरी जाऊन यावे.

कोणी म्हणेल, पैसा कोठून आणावयाचा? सिंहस्थ पर्वणीसाठी घाट, रस्ते, पूल, दिवे यांवर आपण केवढा खर्च करतो! २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ चा. पर्वणीच्या गर्दीत जी माणसे हरवतात ती सारीच वाट चुकलेली नसतात. काहींचे मनच वाट चुकलेले असते, आणि अशांना ध्वनिक्षेपकावर नाव पुकारून उपयोग नसतो, कारण नावच आठवत नसते. त्या निमित्ताने एक गाडी आली आणि पर्वणीनंतरही राहिली, तर गोदामाई काही रागावणार नाही.

कोणी म्हणेल, पोलिसावाचून जाणे धोक्याचे नाही का? क्वचित असेलही. पण मानसिक आजाराचा माणूस बहुधा दुसऱ्याला मारीत नाही. तो भ्यालेला असतो. गणवेश, दिवे, भोंगा आणि दहा माणसांचा गलका पाहून भ्यालेला माणूस काय करील, याचा विचार ज्याने त्याने आपल्यावरून करावा.

शब्दांची गोष्ट

मी भाषेचा मास्तर. म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत 'वेड' हा शब्द एके काळी मानाचा होता. संतांनी देवाचे वेड लावून घेतले, आणि आम्ही त्यांच्या पायांवर डोके ठेवले. आज तोच शब्द आपण दगडासारखा फेकतो. 'येरवड्याला धाडा' हा तर आपल्याकडचा विनोदच झाला आहे. ज्या घरात खरोखरच कोणी आजारी आहे, त्या घरी हा विनोद कसा ऐकला जात असेल?

फोनवर तर शब्दाला फार किंमत येते. 'पोरगा वेडा झाला, धिंगाणा घालतोय' असे सांगाल, तर पलीकडे काठी तयार होईल. 'माझा मुलगा आजारी आहे, चार रात्री झोपला नाही, घाबरला आहे, हातात काही नाही' असे सांगाल, तर पलीकडे माणूस तयार होईल. घटना एकच, पण सांगण्यावर मदतीचा चेहरा ठरतो. म्हणून काय दिसते आहे ते सांगावे. त्याचे नाव ठेवू नये.

आणि मदत येईपर्यंत? गर्दी हटवावी. एकानेच, हळू आवाजात बोलावे. वाद घालू नये. 'कट वगैरे काही नाही' असे पटवू नये आणि 'हो, कट आहे' म्हणून भरही घालू नये. 'तुला भीती वाटते आहे, मी येथेच आहे,' एवढे म्हणावे. इजा होईल अशा वस्तू निमूटपणे दूर कराव्यात. मरणाचे बोलत असेल तर 'तुझ्या मनात जीव देण्याचे येते का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात शिरत नाही, असलेले बाहेर येते. आणि त्याला एकटे सोडू नये.

दिवाळी झाली की नवी दिनदर्शिका भिंतीवर येईल. तिच्या मागे दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, इस्त्रीवाल्याचे कपडे असे सारे आपण लिहितो. त्याच कागदावर या वेळी तीन आकडे ठळक लिहून ठेवा: ११२, १०८ आणि १४४१६. तिसऱ्यापुढे 'मनासाठी' असे लिहा. आणि आपल्या नगरसेवकाची, आमदाराची गाठ पडेल तेव्हा विचारा की, तिसरा आकडा फिरवल्यावर आमच्या दाराशी गाडी कधी येणार? हा प्रश्न पुरेशा घरांतून विचारला गेला, तर ती गाडी येईल. विम्पोल स्ट्रीटवरच्या एका शेजाऱ्याने पत्र लिहिले, तेव्हाच ९९९ आला.